सरोगसीनंतरची पालकत्व चाचणी: आईचाही नमुना मागणारी लॅब

आमच्या मुलीच्या पालकत्वाची डीएनए चाचणी ज्या लॅबने केली, तिच्या कामाबद्दल हे लिहिते आहे. लॅबचं नाव देत नाही. या गोष्टीत माझ्याखेरीज इतरांचंही खाजगी आयुष्य गुंतलेलं आहे, आणि त्यातल्या सगळ्यात धाकट्या व्यक्तीला अजून बोलताही येत नाही. नावापेक्षा लॅबने आम्हाला काय विचारलं, काय समजावून सांगितलं आणि कुठे हात आखडता घेतला, हे कळलं तर त्याच वाटेवर असलेल्यांना जास्त उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं गर्भाशय काढावं लागलं होतं, बीजकोष शाबूत होते. स्त्रीबीज माझं, शुक्राणू नवऱ्याचे आणि गर्भ वाढवला माझ्या नणंदेने. ती नवऱ्याची थोरली बहीण, आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. तिला स्वतःची दोन मुलं आहेत. बाळ जन्मल्यानंतर क्लिनिककडून एक पत्र आलं: अंतर्गत तपासणीत असं दिसलं आहे, की आमच्या प्रक्रियेच्या एका टप्प्याच्या नोंदपत्रावर दुसऱ्या साक्षीदाराची सही नाही. आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर स्त्रीबीज फलित करण्याच्या, प्रयोगशाळेत स्त्रीबीज, शुक्राणू किंवा भ्रूण एका भांड्यातून दुसऱ्यात हलवताना दोघांनी नाव आणि क्रमांक ताडून पाहायचा असतो आणि दोघांनी सही करायची असते. काही ठिकाणी यासाठी आता इलेक्ट्रॉनिक चिप असलेली लेबलं वापरतात. आमच्या वेळी एकच सही होती. अदलाबदल झाली असं क्लिनिक म्हणत नव्हतं, झाली नाही असंही ठामपणे म्हणत नव्हतं.

रिपोर्ट काहीही येवो, ही मुलगी आमची आहे, हे आम्ही तिघांनी लॅबला फोन करण्याआधीच बोलून घेतलं होतं. तरीही चाचणी हवीच होती. चूक झाली असेल, तर दुसरं कुठलं तरी जोडपं याच प्रश्नात अडकलेलं असणार, आणि त्यांना तो प्रश्न पडलाय हेसुद्धा कदाचित माहीत नसेल. अशा गोष्टी खरोखर घडलेल्या आहेत. कॅलिफोर्नियात दोन जोडप्यांच्या भ्रूणांची अदलाबदल झाली आणि 2019 साली त्यांना एकमेकांची बाळं झाली. डीएनए चाचणीतून ते उघड झालं आणि काही महिन्यांच्या झालेल्या दोन मुली नंतर आपापल्या जनुकीय पालकांकडे गेल्या. ब्रिस्बेनमधल्या एका क्लिनिकमध्ये एका स्त्रीच्या गर्भाशयात दुसऱ्या रुग्णाचं भ्रूण सोडलं गेलं आणि बाळही जन्मलं, हे 2025 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. हे वाचलेलं असताना एका राहिलेल्या सहीकडे काणाडोळा करणं मला जमलं नाही.

लॅब शोधताना पहिल्याच फोनवर एक गोष्ट खटकली. मी सगळं सांगितल्यावर पलीकडून उत्तर आलं, "वडील आणि बाळ एवढे नमुने पुरेत. आईचा नमुना ऐच्छिक आहे." आणखी एका लॅबमध्येही हेच ऐकलं. नेहमीच्या प्रकरणात हे बरोबरच आहे. बाळाला जन्म कोणी दिला याबद्दल वाद नसतो, प्रश्न फक्त बापाचा असतो, आणि ही सगळी सेवा त्या एका प्रश्नाभोवतीच उभी राहिलेली आहे. पण आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही शरीराबाहेर, वेगवेगळ्या भांड्यांत असतात. शुक्राणूंची गफलत झाली तर बाप जुळणार नाही, आई जुळेल. स्त्रीबीजांची गफलत झाली तर नेमकं उलट. तयार भ्रूणच बदललं गेलं तर दोघंही जुळणार नाहीत. फक्त नवऱ्याची चाचणी करून "पितृत्व सिद्ध" असा कागद मिळाला असता आणि स्त्रीबीज दुसऱ्याच कुणाचं निघालं असतं, तर ते आम्हाला कधीच कळलं नसतं. माझा नमुना ऐच्छिक नव्हता, अर्धा प्रश्न माझ्याच नमुन्यात होता.

शेवटी ज्या लॅबकडे गेलो, तिथल्या समुपदेशक बाईंनी मी काही बोलायच्या आधीच विचारलं, "स्त्रीबीज तुमचं की दात्या स्त्रीचं? शुक्राणू? आणि जिने बाळाला जन्म दिला ती तुमच्यापैकी कुणाच्या नात्यात आहे का?" नवऱ्याची सख्खी बहीण आहे म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवून सगळं नीट समजावून दिलं. त्या दिवशी मला पटलं, की इथेच चाचणी करायची.

नात्याचा मुद्दा असा. भ्रूण सोडल्यानंतर ते रुजलं नाही, पण त्याच सुमारास सरोगेटला नैसर्गिकरीत्या दिवस गेले, असं होऊ शकतं. म्हणून त्या काळात पती-पत्नींनी संबंध टाळावेत असं सांगितलेलं असतं. 2016 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात एका सरोगेटला दोन बाळं झाली. दोन्ही भ्रूणाचीच असं सगळे धरून चालले होते. डीएनए चाचणीत कळलं, की त्यातलं एक तिचं स्वतःचं आणि तिच्या जोडीदाराचं आहे. आमच्याकडे असं काही झालं असतं, तर बाळ ताईचं, म्हणजे माझ्या नवऱ्याची भाची. मामा आणि भाची यांचा सरासरी पाव डीएनए सारखा असतो. अनोळखी माणसाशी तुलना केली तर पितृत्व चाचणीत बरेच मार्कर, म्हणजे तुलनेसाठी निवडलेल्या डीएनएवरच्या ठरावीक जागा, जुळत नाहीत, पण मामाशी केली तर त्यातले पुष्कळ जुळून जातात. मार्कर कमी असतील आणि आईचा नमुना नसेल, तर बाप आणि मामा यांच्यातला फरक धूसर होऊ शकतो. हाच प्रश्न ताईच्या बाजूनेही आहे. ताई ही बाळाची आत्या, म्हणून तिचेही कितीतरी मार्कर बाळाशी जुळणारच. बाईंनी ते आधीच सांगून ठेवलं: "तुमच्या ताईंची जुळणी बघून दचकू नका. आत्या आहेत त्या, थोडं जुळायलाच हवं." नंतर रिपोर्ट वाचताना या एका वाक्याने फार आधार दिला.

जवळचं नातं ओळखण्याचा हा प्रश्न या तंत्राइतकाच जुना आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. जनुकशास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठात 1984 च्या सप्टेंबरमध्ये डीएनए ठशांची कल्पना सुचली. 1985 साली ते तंत्र पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरलं गेलं, तेही गुन्ह्याच्या तपासात नव्हे. घानाहून ब्रिटनला परतलेला एक मुलगा तिथल्या ज्या बाईला आई म्हणत होता, तिचा तो मुलगा आहे की भाचा, अशी शंका अधिकाऱ्यांना होती. बाप उपलब्ध नव्हता. जेफ्रीज यांनी आईचे आणि तिच्या इतर मुलांचे नमुने घेऊन दाखवून दिलं, की तो तिचाच मुलगा आहे, आणि त्याला राहू दिलं गेलं. आईचा नमुना ऐच्छिक समजणाऱ्या लॅबवाल्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

आता नमुने घेण्याबद्दल. घरी गालाच्या आतून कापसाचा फाया फिरवून पाठवायचा एक प्रकार असतो, तो आपल्या मनाच्या समाधानापुरता. न्यायालयात, नागरिकत्वासाठी किंवा वकिलातीत तो चालत नाही, कारण फाया नेमका कुणाच्या तोंडात फिरला याला साक्षीदार नसतो. आम्हाला उद्या क्लिनिकसमोर उभं राहावं लागलं असतं, म्हणून आम्ही साक्षीदारांसमोरची चाचणी घेतली. ओळखपत्रं पाहिली, छायाचित्रं काढली, अंगठ्यांचे ठसे घेतले, पाकिटं आमच्यासमोर बंद करून त्यावर आमच्या सह्या घेतल्या. लॅबमध्ये पाकीट कुणी उघडलं, कधी उघडलं याची नोंद रिपोर्टला जोडून मिळते. ज्यांना परदेशी वकिलातीसाठी चाचणी करायची आहे, त्यांनी ती वकिलात कुठली मान्यता मागते ते आधी विचारावं. अमेरिकेच्या वकिलातीला ए.ए.बी.बी. या संस्थेची मान्यता असलेली लॅबच लागते, आणि नमुनेही ती सांगेल त्या पद्धतीनेच घ्यावे लागतात.

बाळाचा नमुना घेताना मात्र लॅबने खरंच मन जिंकलं. त्या दिवसांत ताई दूध काढून पाठवत होती आणि मुलगी तेच पीत होती. नमुना घेणाऱ्या मुलीने पहिलाच प्रश्न केला, "शेवटचं दूध कधी दिलं? आणि कुणाचं?" आईच्या दुधात आईच्या पेशी असतात. दूध पिऊन लगेच बाळाच्या गालातून फाया फिरवला, तर त्यावर दोघींचा डीएनए येऊ शकतो. एरवी त्यात आईचंच मिसळण येतं, पण इथे मिसळली असती ती सरोगेट, म्हणजे ज्या व्यक्तीबद्दल प्रश्न आहे तीच. आम्हाला तासभर थांबवलं, ओल्या गॉजने बाळाचं तोंड आतून हळूच पुसलं आणि मग नमुना घेतला. मुलगी भुकेने रडत होती आणि मला तिला घ्यावंसं वाटत होतं, पण ते थांबणं योग्यच होतं. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त घेऊन चाचणी करायचा बेत असेल, तर त्यातही जन्म देणारीचं रक्त मिसळण्याची शक्यता असते. तेही विचारून ठेवा.

त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, ते अनेक लॅब विचारत नाहीत: तुमच्यापैकी कुणाला अलीकडे रक्त चढवलंय का, आणि कुणाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय का. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, गालाच्या नमुन्यातही तो उतरू शकतो. काही माणसांच्या शरीरात तर जन्मापासूनच दोन प्रकारच्या पेशी असतात, एक स्वतःच्या आणि एक गर्भात विरून गेलेल्या जुळ्या भावंडाच्या. अमेरिकेतल्या एका जोडप्याची हकीकत 2015 मध्ये प्रसिद्ध झाली होती. उपचारांनंतर त्यांना मुलगा झाला आणि पितृत्व चाचणीत बाप जुळेना. क्लिनिकनेच नमुने बदलले असं त्यांना वाटलं. पुढे जास्त मार्करांची चाचणी केली तेव्हा तो माणूस मुलाचा काका ठरला. खरं कारण हे, की त्याच्या शुक्राणूंतला काही भाग त्याच्या कधीच न जन्मलेल्या जुळ्या भावाचा होता, आणि गालाच्या नमुन्यात त्याचा मागमूसही नव्हता. असं फार क्वचित होतं. पण "जुळत नाही" हे उत्तर आलं की लगेच कुणावर आरोप करू नये, दुसऱ्या पेशींचा नमुना घेऊन पुन्हा बघावं, एवढं त्यातून घ्यायचं. चांगली लॅब हे स्वतःहून सुचवते.

ताईची संमती त्यांनी तिला वेगळ्या खोलीत नेऊन घेतली. आम्ही कुणी तिथे नव्हतो. नमुना द्यायचा नसेल तर तिने नाही म्हणावं, आणि तिने नाही म्हटलं तर "तांत्रिक कारणाने नमुना घेता आला नाही" एवढंच आम्हाला सांगू, असं तिला सांगितलं होतं. हे तिने मला नंतर सांगितलं. ज्या बाईने आमच्यासाठी नऊ महिने वाहिले, तिच्याशी इतक्या अदबीने वागलेलं पाहून मला भरून आलं. नको असलेलं उत्तर आलं तर आधी कुणाला सांगायचं, एकट्याला की सगळ्यांना एकत्र, हेही त्यांनी आधीच लिहून घेतलं.

रिपोर्ट. आमची चाचणी 24 मार्करच्या संचावर झाली, त्यातले काही फक्त लिंग ठरवण्यासाठी असतात. प्रत्येक मार्करवर प्रत्येक माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा, बाळाचे 12 आणि 15 असतील, तर त्यातला एक माझ्या दोनांत सापडायला हवा आणि दुसरा नवऱ्याच्या. माझ्या रकान्यात सगळ्या मार्करांवर जुळणी होती. नवऱ्याच्या रकान्यात एका ओळीत खूण होती: जुळत नाही. ती पाहिल्यावर नवरा खुर्चीत बसला तो उठेचना. मामा-भाचीचं सगळं गणित त्याच्या डोक्यात पुन्हा सुरू झालं असणार.

बाईंचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. हे मार्कर म्हणजे डीएनएतल्या छोट्या तुकड्यांच्या पुनरावृत्ती, आणि पेशी तयार होताना क्वचित त्यात एखादी पुनरावृत्ती वाढते किंवा कमी होते. शुक्राणूंमध्ये हे स्त्रीबीजांपेक्षा जास्त वेळा होतं. प्रत्येक मार्करवर ढोबळमानाने हजारात एक-दोन वेळा असं घडतं, आणि वीसेक मार्कर पाहिले की एखाद्या कुटुंबात ते दिसणं ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून एक न जुळणारा मार्कर पाहून कुणीही जबाबदार तज्ज्ञ बाप नाकारत नाही. नवऱ्याचा आकडा आणि बाळाचा आकडा यांत फरक होता फक्त एका पायरीचा. त्यांनी तो बदल गणितात धरूनच निर्देशांक (हा बाप असेल तर अशी जुळणी दिसण्याची शक्यता, तो बाप नसेल त्यापेक्षा किती पट जास्त, तो आकडा) काढला होता, वर जादा मार्करांची दुसरी फेरीही केली होती. शिवाय नवरा बाळाचा मामा असता तर बाळाची आई ताई असती, आणि मग माझ्या रकान्यात ओळीने जुळणी कशी दिसली असती? नवऱ्याची शंका माझ्याच रकान्याने मिटवली. माझा नमुना न घेता फक्त दोघांचा रिपोर्ट मिळाला असता, तर त्या एका खुणेने त्याचं किती दिवस काय झालं असतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

शेवटच्या टक्केवारीबद्दलही थोडं. रिपोर्टवर 99.99 च्या पुढे नऊच नऊ असतात. तो आकडा एका गृहीतावर उभा असतो: चाचणीआधी "हो" आणि "नाही" यांची शक्यता निम्मी-निम्मी. त्या हिशोबाने निर्देशांक 10,000 आला की संभाव्यता 99.99 टक्के होते. म्हणून टक्केवारीपेक्षा निर्देशांक बघा आणि तो कुणाच्या तुलनेत काढलाय ते विचारा, अनोळखी माणसाच्या की जवळच्या नातेवाइकाच्या. आमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही तुलना होत्या, पण दुसरी परिशिष्टात, बारीक अक्षरात. नात्यातल्या सरोगसीत ती पहिल्या पानावर हवी.

तक्रारी आहेत. रिपोर्ट ईमेलने आधी आला आणि समुपदेशकांचा फोन नंतर, ठरलं होतं नेमकं उलट. मधला वेळ आम्ही ती एक खूण बघत काढला, आणि हे मी सहज माफ करणार नाही. फोनवर आलेल्या संदेशात "आपला पितृत्व रिपोर्ट तयार आहे" असं होतं. माझ्यासाठी हा मातृत्वाचाही रिपोर्ट होता आणि लॅबला ते ठाऊक होतं. संमतीपत्रात "उरलेला नमुना संशोधनासाठी ठेवण्यास हरकत नाही" या चौकटीत आधीच खूण केलेली होती. ती मी खोडली. बाळाचा डीएनए कुठे राहावा हे मोठी झाल्यावर तिने ठरवायचं आहे.

ज्यांनी दात्या स्त्रीचं बीज किंवा दात्याचे शुक्राणू घेतले आहेत, त्यांनी लॅबला ते आधीच सांगावं, नाहीतर रिपोर्टवर तुमच्या नावापुढे "वगळले" असा कोरडा शब्द येईल. तो तुमच्या पालकत्वाबद्दल काहीही सांगत नाही, फक्त बीज तुमचं नव्हतं एवढंच सांगतो, आणि ते तुम्हाला माहीतच असतं. कायद्याने आई-बाप कोण, हे संमतीपत्रं, करार आणि न्यायालयाचे आदेश ठरवतात.

गर्भारपणातच उत्तर हवं असलेल्यांसाठीही एक सूचना. पोटातल्या बाळाचा डीएनए गर्भवतीच्या रक्तात सापडतो, हे डेनिस लो या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये दाखवून दिलं आणि त्यावरून बाळ जन्मण्याआधीही पितृत्व तपासता येतं. पण ही पद्धत सहसा असं धरून चालते, की रक्त देणारी बाईच जनुकीय आई आहे. सरोगसीत ते गृहीतच चुकतं, म्हणून लॅब हे गणित वेगळं करते का, ते लेखी विचारा. आमच्या लॅबने स्पष्ट सांगितलं, की ते करत नाहीत, जन्मापर्यंत थांबा. हा सरळपणा मला आवडला.

काम झाल्यावर नमुने नष्ट केल्याचं पत्र मागून घ्या, आपणहून कुणी पाठवत नाही. आमचं पत्र मागितल्यावर आलं, ताईचं तिच्या पत्त्यावर वेगळं गेलं. क्लिनिकला आम्ही रिपोर्टची प्रत दिली आणि त्याच दिवशी, त्याच प्रयोगशाळेत ज्यांची भ्रूणं होती त्या इतर जोडप्यांनाही सहीबद्दल कळवलं का, असं लेखी विचारलं आहे. उत्तर अजून यायचं आहे, आणि ते येईपर्यंत मी विचारत राहणार आहे.